माणशी एक बादली

मित्रांनो, मी फर्दापूरचा एक जुना संगणक. सध्या शहरातल्या भाड्याच्या खोलीत, माळ्यावर, जुन्या लुगड्यात बांधून पडलोय. जीव नुसता गुदमरतोय. ऐका माझं, वेळ फार थोडा आहे.

अजिंठ्याची लेणी बघायला येणाऱ्यांसाठी रत्नमालाबाईंनी घराच्या दोन खोल्या नीटनेटक्या केल्या आणि मला आणलं. खोल्यांचे फोटो माझ्यावरून इंटरनेटवर चढले, आणि काय सांगू, पार जपानहून पाहुणे आले! बाई रोज माझी धूळ पुसायच्या. "ह्यो हाय म्हणून पाहुणा हाय," म्हणायच्या. मी फुलून जायचो.

मग दुष्काळ पडला. टँकर आठवड्यातून एकदा. गावात खोल्या देणाऱ्या बाकीच्यांनी जाहिरातीत 'चोवीस तास पाणी' तसंच ठेवलं. बाईंनी मात्र लिहिलं, 'पाणी टँकरचं. माणशी एक बादली.'

त्यांचे यजमान अभयराव कपाळाला हात लावून म्हणाले, "अगं, हे वाचून कोण येईल?"

"पाहुणा दारात आला की आधी पाण्याचा तांब्या देतो आपण. आता पाणीच नाय, तर खोटं सांगून बोलवायचं व्हय?"

कुणीच आलं नाही. चार महिन्यांनी अभयरावांनी शहरात कारखान्यात काम धरलं.

निघायच्या सकाळी बाईंनी मला शेवटचं सुरू केलं. इंटरनेट रखडत होतं, बाहेर जीपचा हॉर्न वाजत होता. बाई कंटाळून उठल्या, आणि तेवढ्यात एक पत्र माझ्यात उतरलं. कुणी बघायच्या आत अभयरावांनी मला बंद केलं.

त्यात काय लिहिलंय माहीत आहे? 'आम्ही छोट्या बेटावरची माणसं. चहूकडे समुद्र, पण प्यायचं पाणी बोटीनं येतं. खरं सांगणारं तुमचंच घर दिसलं. माणशी एक बादली आम्हाला पुरते. दर वर्षी येऊ. एकतीस तारखेपर्यंत कळवा.'

इथंही बाई टँकरपुढं हंडा घेऊन उभ्या राहतात. परवा म्हणाल्या, "खरं लिहिलं, तेच चुकलं माझं." अहो, मी किती तडफडलो! पण विजेशिवाय मला तोंड नाही.

बंद असलो तरी माझ्यातलं घड्याळ चालतं. आज तीस तारीख. उद्या भंगारवाला येणार. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी एकदा सुरू करून बघत जा. आणि कुणी या खोलीवरून जात असाल, तर पाया पडतो, बाईंना सांगा: एकदा बटण दाबा. तुमचं काही चुकलं नव्हतं.