चार डावी वळणं आणि एक उजवं

मी एक जुनी सायकल आहे, आणि मला उजवीकडे वळता येतं. मित्रांनो, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढची हकिगत ऐकल्यावर तुमचा यावर विश्वास बसणार नाही.

माझा जन्म ॲडलेडच्या एका कारखान्यात झाला. त्याच दिवशी माझ्यासोबत आणखी दोनशे सायकली जन्मल्या, त्यामुळे वाढदिवसाचं फारसं कौतुक झालं नाही. माझा रंग हिरवा, दांडी उंच. मेलबर्नच्या उत्तर भागातल्या एका दुकानातून मला थानासिस नावाच्या माणसानं घरी नेलं. तो ग्रीसहून आलेला, तिशीतला, बिस्किटांच्या कारखान्यात भट्टीवर कामाला. बत्तीस वर्षं मी त्याला कामावर नेलं आणि परत आणलं. त्याच्या कपड्यांना बिस्किटांचा वास यायचा. त्यामुळे गल्लीतली कुत्री आमच्यावर भुंकत नसत, नुसती मागून चालत येत. दर शनिवारी तो माझ्या साखळीला तेल द्यायचा, पायडल फिरवायचा आणि मान तिरकी करून ऐकायचा. काहीच ऐकू आलं नाही की खूश व्हायचा. माझं एवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही.

मग तो निवृत्त झाला. त्यानं मला मागच्या शेडमध्ये पुढच्या चाकाने खुंटीला टांगलं आणि म्हणाला, "जरा आराम कर."

तो आराम सतरा वर्षं चालला.

समोर रंगाचा एक डबा होता. त्यावर 'फिकट पिवळा' असं लिहिलं होतं. सतरा वर्षं मी तेवढंच वाचन केलं. माझ्या मागच्या चाकात एका कोळ्यानं संसार थाटला. त्याच्या पणतवंडांची लग्नं माझ्या डोळ्यांदेखत झाली. कुणी मला खाली काढलं नाही.

गेल्या वर्षी थानासिसच्या मेंदूला झटका आला. जीव वाचला, पण त्याच्यासाठी जगाची डावी बाजू नाहीशी झाली. डावा हात चालेना. डावीकडे बसलेला माणूस त्याला दिसेना. ताटातलं फक्त उजव्या अर्ध्यातलं तो जेवायचा आणि उरलेलं अर्धं ताट समोर असूनही 'संपलं' म्हणायचा. त्याला हॉलिस स्ट्रीटवरच्या शुश्रूषागृहात ठेवलं. तिथली माणसं चांगली होती, ताट फिरवून द्यायचीही तयारी होती, पण कुणी ताटाला हात लावला की थानासिस उजव्या हातानं कड घट्ट पकडायचा. आपलं जेवण चोरायला आलेत असं त्याला वाटायचं. ताटाला हात लावू द्यायचा तो फक्त बायकोला.

बायको म्हणजे फोतिनी. वय एकाहत्तर, खुबा दुखरा, गाडी येत नाही. मुलगी वूला तिला रविवारी गाडीतून न्यायची. म्हणजे थानासिस रविवारी पूर्ण जेवायचा आणि बाकीचे सहा दिवस अर्धा. वजन एक्कावन्न किलोवर आलं. डॉक्टरांनी सांगितलं, पन्नासच्या खाली गेलं तर नाकातून नळी घालावी लागेल. वजन दर शनिवारी करायचे.

टॅक्सी म्हणाल, तर तो शब्द त्या घरात लग्न आणि बाळंतपण यांच्यासाठी राखीव होता. चालणं खुब्याला झेपत नव्हतं. तिच्या डॉक्टरनं मात्र सांगितलं होतं, "चालू नका, सायकल चालवा." तो जागच्या जागी फिरवायच्या व्यायामाच्या सायकलबद्दल बोलत होता, हे बरंच नंतर कळलं. तोपर्यंत फोतिनीनं शेड उघडलं होतं.

"आई, तू वेडी आहेस का?" वूला म्हणाली.

"तुझ्या बापाला विचार. तो पन्नास वर्षं हेच विचारतोय."

तीन आठवडे ती गल्लीत तोल सांभाळायला शिकली. माझी दांडी पुरुषी सायकलची, उंच. तिच्यावरून पाय टाकणं फोतिनीला एकाच ठिकाणी जमायचं, घरासमोरच्या कुंपणाच्या बुटक्या भिंतीवर उभं राहून. एकदा बसली की बसली. सिग्नलला थांबायचं तर डावा पाय फुटपाथच्या कडेवर टेकवून थांबायची. उतरायची मात्र नाही. वाटेत उतरणं म्हणजे लंगडत घर गाठणं.

नगरपालिकेनं नवशिक्या सायकलस्वारांसाठी छापलेली एक पुस्तिका तिनं वाचनालयातून आणली होती. भिंगातून ती मोठ्यानं वाचायची. त्यात लिहिलं होतं, 'उजवीकडे वळताना मागे पाहा, हात दाखवा आणि आत्मविश्वासाने रस्त्याच्या मध्यभागी या.' आत्मविश्वास कुठे मिळतो, त्याचा पत्ता पुस्तिकेत नव्हता.

आमची गल्ली एकेरी. ती ट्रॅमच्या रस्त्याला मिळते. तिथून डावीकडे वळायचं, सिग्नलपर्यंत जायचं आणि उजवीकडे वळलं की हॉलिस स्ट्रीट. एवढंच. पहिल्या दिवशी फोतिनीनं लिंबू-अंड्याच्या सुपाचा डबा माझ्या टोपलीत ठेवला, मागे पाहिलं, हात दाखवला आणि आत्मविश्वासाने मध्यभागी आली. तिथे रुळाची खाच होती. माझं पुढचं चाक तिच्यात असं बसलं, की जणू मापानंच केलेलं.

मागे ट्रॅम येऊन थांबली. घंटा वाजली. परत वाजली. मग ट्रॅमची चालक खाली उतरून आली.

"आजी, उतरता का जरा?"

"उतरले तर चढता येणार नाही."

"म्हणजे इथेच राहणार?"

"माझी हरकत नाही, पण सूप गार होईल."

ट्रॅममधली चाळीस माणसं खिडक्यांतून बघत होती. शेवटी चालकानं मला फोतिनीसकट मागून धरलं, चाक खाचेतून उचकटलं, माझं तोंड डावीकडे केलं आणि ढकलून दिलं. सूप सांडलं. टोपलीतल्या पुस्तिकेची पानं एकमेकांना चिकटली. आणि त्या दिवसापासून फोतिनी उजवीकडे वळेना.

मित्रांनो, खुंटीला टांगलेलं असणं वाईट असतं. पण चालत्या चाकांनी अडकून पडणं त्याहून वाईट. आम्ही रोज साडेअकराला निघायचो. गल्लीतून डावीकडे. सिग्नलला वळण दाखवायला तिचा उजवा हात अर्धा उठायचा, ट्रॅमची घंटा ऐकू यायची आणि ती डावीकडे वळायची. मग पुढे डावीकडे, परत डावीकडे, की आपलं घर. चार डावी वळणं. ती भिंतीला हात टेकवून म्हणायची, "आता नक्की," आणि आम्ही परत निघायचो. सुपाचा डबा एकच, प्रदक्षिणा मात्र रोज सहा-सात.

त्यात वसंत होता. तिसऱ्या वळणावरच्या निलगिरीत मॅगपायचं घरटं होतं, आणि त्या दिवसांत तो पक्षी सायकलवाल्याच्या डोक्याची गय करत नाही. फोतिनीनं इथल्या रिवाजाप्रमाणे हेल्मेटला प्लास्टिकच्या लांब पट्ट्या बांधल्या होत्या, साळिंदरासारख्या उभ्या. इतर लोकांवर तो दिवसातून एकदा झडप घालायचा. आमच्यावर सात वेळा. पाचव्या फेरीला त्याच्याही झडपेत जीव राहायचा नाही.

शेजारी नेव्हिल राहायचा. तीस वर्षं त्यानं ट्रॅम चालवली होती आणि तीस वर्षं सायकलवाल्यांवर घंटा वाजवली होती. निवृत्त झाल्यावर तो व्हरांड्यात चहा घेऊन बसायचा आणि आमच्या फेऱ्या मोजायचा.

"पाचवी! अगं फोतिनी, आज वेळेच्या पुढे आहेस!"

"तू चहा पी. थंड होतोय."

"तीन डावी म्हणजे एक उजवं, एवढं साधं गणित. सिग्नलच्या सरळ पुढे जा, मग तीनदा डावीकडे वळ."

आम्ही तेही करून पाहिलं. सिग्नलच्या पुढचं पहिलं डावं वळण म्हणजे दफनभूमीचं फाटक. आत रस्ते गोल-गोल होते, तीही सगळी डावी वळणं. बाहेर पडायला पाऊण तास लागला. त्या रविवारी फोतिनीनं थानासिसला हे सांगितलं, तेव्हा तो म्हणे इतकंच बोलला, "माझ्या आधी गेलीस?"

शनिवारी वजन झालं. पन्नास किलो सहाशे ग्रॅम.

पुढच्या बुधवारी फोतिनी सातवी फेरी संपवून आली आणि भिंतीला टेकून रडायला लागली, माझ्यावर बसूनच. नेव्हिलनं कप खाली ठेवला. मग आत जाऊन तो खडू घेऊन आला आणि भिंतीवर रस्ते काढायला लागला.

"नीट बघ. शहराच्या मध्यात गाडीवाले उजवीकडे कसे वळतात?"

"मला काय माहीत? मी गाडी चालवते का?"

"डावीकडून! माझ्या ट्रॅमपुढे मधोमध तुंबून राहू नयेत म्हणून. तीस वर्षं मी केबिनमधून हेच बघितलंय. तिथे गाड्यांना तो नियमच आहे, आणि सायकलला तसं कुठेही वळता येतं. मला अक्कल नाही, आधी सुचलं नाही. तू डावी कड सोडूच नकोस. सिग्नल हिरवा झाला की सरळ चौक ओलांड. पलीकडच्या कोपऱ्यावर थांब, पाय फुटपाथला टेक, तोंड हॉलिस स्ट्रीटकडे कर. आता तू त्या रस्त्याच्या रांगेत सगळ्यात पुढे. त्यांचा सिग्नल हिरवा झाला की सरळ जा."

फोतिनीनं डोळे पुसले. "म्हणजे उजवीकडे जायला डावीकडे राहायचं?"

"हो."

"हे कुठल्या गाढवानं शोधलं?"

"ट्रॅमवाल्यांनी."

"तरीच."

गुरुवारी नेव्हिल घडीची खुर्ची घेऊन आधीच सिग्नलच्या कोपऱ्यावर जाऊन बसला. मांडीवर निवृत्तीच्या वेळी भेट मिळालेली पितळी घंटा. आम्ही दिसताच त्यानं ती बडवली.

"उभ्या गाड्यांपासून लांब! कुणीतरी दार उघडेल! आता सरळ! उजवीकडे बघू नकोस!"

"मला उजवीकडे जायचंय!"

"म्हणूनच सांगतोय!"

आम्ही सरळ गेलो. पलीकडच्या कोपऱ्याला तिनं पाय टेकवला आणि माझं तोंड वळवलं. मागे गाड्यांची रांग होती. हॉर्न वाजणार म्हणून तिनं खांदे वर घेतले. वाजला नाही. मागचा ट्रकवाला केळं खात होता. सिग्नल हिरवा झाला, आणि समोर तेच रूळ आडवे आले. पण आता मी त्यांना काटकोनात भेटत होते. धड, धड. संपलं. जे वळण इतके दिवस आम्हाला घेता आलं नव्हतं, ते आम्ही घेतलंच नाही. आम्ही दोनदा सरळ गेलो.

मागून नेव्हिलची घंटा खूप वेळ ऐकू येत होती. आयुष्यात पहिल्यांदाच त्याची घंटा सायकलवाल्यावर नव्हती, सायकलवाल्यासाठी होती.

शुश्रूषागृहात फोतिनीनं मला थानासिसच्या खिडकीबाहेर, त्याच्या उजव्या अंगाला टेकवलं. आतलं मला सगळं दिसत होतं. तो अर्धं ताट संपवून 'झालं' म्हणत होता. फोतिनी आत गेली आणि तिनं ताट अर्धं फिरवलं. त्यानं कड पकडली नाही. त्यानं ताटाकडे पाहिलं, आश्चर्य वाटल्यासारखं, आणि परत चमचा उचलला. वर सूपही प्यायला.

मग त्याची नजर खिडकीबाहेर गेली.

"ही माझी सायकल."

"हो."

"येताना वाजत होती. साखळी कोरडी आहे."

झटका आल्यापासून तो एका वेळी एवढं बोलला नव्हता. तिथली परिचारिका लिटिआ तेल शोधायला धावली आणि स्वयंपाकघरातून ऑलिव्हचं घेऊन आली. थानासिसनं बाटलीचा वास घेतला. "हे कोशिंबिरीचं," असं म्हणून परत केली. दुसऱ्या दिवशी नेव्हिलनं शिलाई मशीनचं पाठवलं.

निघताना मोठीच अडचण झाली. तिथे बुटकी भिंतच नव्हती.

"आजी, मी उचलून बसवते," लिटिआ म्हणाली.

"मी काय बटाट्याचं पोतं आहे?"

शेवटी दाराबाहेरची एक पायरी सापडली, पण तिथे मला टेकायला काही नव्हतं. मी पडणार, हे उघड होतं. थानासिसनं चाकाची खुर्ची बाहेर आणायला लावली, मला त्याच्या उजव्या बाजूला उभं करायला सांगितलं, आणि उजव्या हातानं माझं हँडल धरलं. सतरा वर्षांनी. पकड तीच. मी तसूभर हलले नाही. फोतिनी पायरीवरून माझ्यावर बसली. घरी जाण्याचा रस्ता सगळा सरळ आणि डावा, त्याची काळजीच नव्हती.

शनिवारी वजन पन्नास किलो आठशे भरलं. त्याच्या पुढच्या शनिवारी एक्कावन्न पाचशे. पुस्तिका वाचनालयाला परत करताना चिकटलेलं एक पान सुटलं. ते वळण त्यावर चित्रासकट छापलेलं होतं. फोतिनीनं हे नेव्हिलला अजून सांगितलेलं नाही. तो त्या वळणाला 'माझं वळण' म्हणतो.

मित्रांनो, तुमच्या घरात कुठे एखादी सायकल टांगलेली असेल, तर तिला खाली काढा. चाकांत हवा भरा, साखळीला तेल द्या, मान तिरकी करून ऐका. आराम कर म्हणून आपण ज्यांना भिंतीला लावतो, त्यांना आराम नको असतो. त्यांना दुपारी बाराला कुणासाठी तरी कुठेतरी पोचायचं असतं.

आता रोज निघताना थानासिस मला धरतो. फोतिनी नीट बसते, टोपलीतला रिकामा डबा सरळ करते, हेल्मेटची पट्टी आवळते आणि म्हणते, "हं, सोड."

तो मान तिरकी करून साखळीचा आवाज ऐकल्यासारखं करतो. मी उभी असताना साखळी वाजत नाही, हे त्याला माहीत आहे. तरी तो ऐकत राहतो.

"सोड की रे, थानासी."

"थांब जरा," तो म्हणतो, आणि सोडत नाही.