नागलीचं बी कोणी नेलं

मी एकतीस वर्षं जव्हार डेपोत कंडक्टर होतो. कोणाकडे तिकीट नाही, हे मला त्याच्या बसण्यावरून कळायचं. घरात कोणी खोटं बोललं तरी मला कळतं, असा माझा समज होता. टीव्हीवरच्या मालिकेतल्या डॉक्टरीणबाईंनी तो आणखी पक्का केला. या बाई गुन्हे शोधतात, पण कोणाला दमदाटी करत नाहीत. घरच्यांना एकत्र बसवून भलत्याच गप्पा मारतात आणि मध्येच हरवलेल्या वस्तूचं नाव काढतात. मग नुसत्या बघत राहतात.

यंदा जूनमध्ये रोप टाकायला नागलीचं बी काढलं, तर बी ठेवायचा भोपळ्याचा तुंबा अर्धाच. हे बी माझ्या सासूच्या घरचं, माझ्या बायकोच्या, सकूच्या ओटीतून आमच्याकडे आलेलं. आमच्या घरात बी विकत नाहीत, शेजाऱ्याला उसनंही देत नाहीत. लेक स्वतःचं शेत करू लागली की आई तिला ते देते. आणि लेकीचा विषय आमच्या घरात संपलेला. मी नोकरीवाला मुलगा बघितला होता. प्रतीक्षा वांगणीच्या सुदर्शनकडे जाऊन राहिली. तीन वर्षं झाली, तिचं नाव मी कोणाला काढू दिलेलं नाही.

मग अर्धं बी गेलं कुठे? उंदराने खाल्लं म्हणावं, तर तुंब्याचं तोंड नीट बांधलेलं. आठ-दहा दिवस मी अवाक्षर काढलं नाही. पण माझं लक्ष होतं. मी ओटीवर आलो की मुलगा मुकेश आणि सून हर्षदा बोलायचे थांबत. चोराच्या मनात चांदणं, म्हटलं.

काल साडेसातला मालिका लागली. एका श्रीमंत घरातला हार गेला होता. बाईंनी सगळ्यांना जेवायला बसवलं. आम्हीही जेवत होतो. जाहिरात लागताच मी चटणीचं कौतुक केलं आणि त्याच दमात म्हणालो, "नागलीचं बी अर्धंच होतं."

हर्षदा पाण्याचा तांब्या घ्यायला उठली. तांब्या भरलेलाच होता. मुकेशने तिच्याकडे बघितलं. सकू मन लावून साबणाची जाहिरात बघत राहिली.

"जामसरला माहेरी पोचवलंस ना?" मी हर्षदाला विचारलं.

"हो बाबा. मीच नेलं."

इतक्या पटकन? गाडीत जो लगेच दंड भरायला निघतो, तो बरोबरच्या दुसऱ्याला झाकत असतो, हे मला ठाऊक होतं. पण राग डोक्यात गेला की ठाऊक असलेलंही आठवत नाही. मी म्हणालो, "मग तूही जा तिकडेच. उद्या सकाळच्या गाडीने."

मुकेश ताटावरून उठला. हर्षदा रडली नाही, कपडे गोळा करायला आत निघाली. टीव्हीवर बाई चोराचं नाव सांगणारच होत्या, तेवढ्यात सकूने बटण बंद केलं.

"तिला कशाला घालवतोस? बी मी दिलं. पोरीला."

"तुला कुठे भेटली ती?"

"जव्हारच्या बाजारात. दर बाजाराला येते. मुकेश भेटतो, हर्षदा भेटते. तुझी पिशवी घेऊन तुझ्या मागून चालतो ना आम्ही, तवा भेटतो. तूच मागं बघत नाय."

म्हणजे माझा संशय खरा होता. सगळं घर मला फसवत होतं, तीन वर्षं, माझ्या पाठीमागे दहा पावलांवर. मला राग यायला हवा होता. आली ती लाज. वांगणीचा उताराचा माळ माझ्या डोळ्यांपुढे आला. तिथे पाऊस पडला की बी वाहून जातं.

"उगवलं का?" मी विचारलं.

हर्षदा दारातच थांबली. तिघंही माझा चेहरा निरखत होते, खरं सांगावं की नाही ते ठरवत. शेवटी मुकेश म्हणाला, "कशाला विचारताय, बाबा?"