माझे नऊ सेकंद

मित्रांनो, एक गोष्ट आधीच कबूल करतो, म्हणजे पुढे लाज वाटायला नको. मी जळतो. माझ्या जागी जो नवा आला, त्याच्यावर अगदी मनापासून जळतो. तो माझ्या निम्म्या आकाराचा आहे, त्याला रंगीत पडदा आहे आणि तो पडदा पुसायला वेगळं मऊ फडकं ठेवलेलं आहे. मला एकवीस वर्षांत कुणी कोरड्या बोळ्यानेसुद्धा पुसलं नाही.

मी एक जुना पीएलसी. पूर्ण नाव प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर, पण एवढं लांबलचक नाव घ्यायला कारखान्यात सवड कुणाला? यंत्राने कधी सुरू व्हायचं, कधी थांबायचं, कुठली कडी कधी सोडायची, हे ठरवणारा राखाडी डबा म्हणजे मी. घडलो कुठेतरी लांब, पण शहाणा झालो तो इथे, या ब्रेडच्या कारखान्यात. इथल्या इलेक्ट्रिशियनला सगळे मिस्त्री म्हणत. त्यांनी मला पीठ मळायच्या यंत्राशेजारच्या लोखंडी कपाटात बसवलं. माझ्या आधी तिथे चाळीस रिले होते, म्हणजे विजेवर उघडझाप करणारे खटके, दिवसभर टकटक करणारे. मिस्त्रींनी ते खोक्यात भरले आणि म्हणाले, "सुटलो बुवा या टकटकीतून!" माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या चाळीस जणांना काय वाटलं असेल, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही.

माझं काम सांगायला सोपं होतं. झाकण बंद असल्याशिवाय पातं फिरू द्यायचं नाही आणि पातं थांबल्याशिवाय झाकण उघडू द्यायचं नाही. आता गंमत अशी की मोटर बंद झाली, एवढंच मला कळायचं. पातं खरंच थांबलं की नाही, हे कळायची सोय नव्हती. म्हणून मोटर बंद झाली की मी दोन सेकंद मोजायचो आणि मग झाकणाची कडी सोडायचो. ब्रेडचं पीठ घट्ट असतं, पातं लगेच अडतं. दोन सेकंद पुरायचे.

या यंत्रावर मावशी काम करायच्या. त्या नक्की कुणाच्या मावशी होत्या कोण जाणे, पण त्यांच्याहून वयाने मोठे असलेले मॅनेजरसाहेबही त्यांना मावशीच म्हणत. माझ्या अकराव्या वर्षी यंत्राचं पातं तुटलं आणि जड पातं आलं. त्याच सुमारास आठवड्यातून एकदा केकचं पातळ पीठ घालायला सुरुवात झाली. पहिल्याच दिवशी मिस्त्री घड्याळ घेऊन उभे राहिले आणि त्यांनी कपाळाला हात लावला. मोटर बंद झाल्यावरही पातळ पिठात ते जड पातं चांगलं सात सेकंद फिरत होतं. त्यांनी लगेच मला केबल लावली आणि माझे दोन सेकंद पुसून नऊ केले.

"सात लागतात. वरचे दोन मावशींच्या नावाचे," ते म्हणाले.

मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी माझ्या कपाटाच्या दाराला आतून लिहिलं, 'पातळ पिठासाठी कडी ९ सेकंद.' कुठली तार कुठे जाते आणि कशाला किती वेळ, हे सगळं लिहिलेला यंत्राचा कागदी नकाशा ऑफिसातल्या फायलीत होता. "तिथे नंतर लिहू," म्हणाले. आणि मित्रांनो, ते 'नंतर' कधी उगवलंच नाही.

उभ्या माणसाला नऊ सेकंद फार लांब वाटतात. मावशी झाकणावर हात ठेवून मोठ्याने मोजायच्या. एक, दोन, तीन... नऊ म्हटलं की मी खट्कन कडी सोडायचो. कधी घाईत असल्या की त्या नवावर पोचायच्या आणि मी अजून सातावरच असायचो. मग म्हणायच्या, "अरे, झोपलास काय?" एवढ्या मोठ्या कारखान्यात माझ्याशी बोलणारं दुसरं कुणी नव्हतं. दहा वर्षं मी त्या एका वाक्यावर खूश होतो.

पुढे मिस्त्री निवृत्त झाले. माझी आठवण एका छोट्या बॅटरीवर टिकते. ती संपत आली की माझ्या कपाळावर लाल दिवा लागतो. तो दोन वर्षं जळत राहिला. माझ्या अंगावर दिव्यांच्या दोन रांगा आहेत, त्यातलाच हा एक असेल, असं सगळ्यांना वाटलं.

मग तो आला, त्याच्या रंगीत पडद्यासकट. त्याला आणणाऱ्या इंजिनिअरबाई तरुण होत्या आणि कामात चोख. त्यांनी फायलीतला नकाशा ओळ न् ओळ वाचला आणि त्याप्रमाणे नव्याला सगळं शिकवलं. नकाशात दोन सेकंद होते, म्हणून त्याला दोन शिकवले. माझं कपाट दारासकट भंगारात गेलं. दार गेलं तशी त्यावरची पेन्सिलही गेली. मला मात्र बाईंनी, "असू दे, लागला तर," म्हणून दुरुस्तीच्या खोलीत फळीवर ठेवलं. तिथून मला सगळं दिसायचं. साहेबांनी नव्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला, ते मी गिळलं. पण मावशींनी स्वतःच्या हाताने त्याचा पडदा पुसला, तेव्हा माझा जीव नुसता करपला.

पहिले तीन दिवस ब्रेड होता, कडी दोनलाच सुटली तरी काही बिघडलं नाही. चौथ्या दिवशी केक होता. मावशींनी मोटर बंद केली, झाकणावर हात ठेवला, "एक, दोन" म्हणाल्या, आणि खट्! कडी सुटली म्हणजे पातं थांबलं, ही त्यांची दहा वर्षांची सवय. त्यांनी झाकण उचललं आणि पीठ खरवडायची लोखंडी पट्टी आत घातली. असा कर्कश आवाज झाला की पलीकडचे कामगार धावत आले. पट्टी पार पिळवटली होती. हात वीतभर मागे होता, म्हणून राहिला.

मित्रांनो, खरं सांगतो. मला आधी आनंद झाला. नव्याची फजिती झाली म्हणून मनात उकळ्या फुटल्या.

साहेब आले. यंत्र धुऊन त्यात ब्रेडचं पीठ घातलं आणि तीनदा चालवून पाहिलं. तिन्ही वेळा पातं दोन सेकंदांच्या आत थांबलं. मग सगळे दुरुस्तीच्या खोलीत आले.

"मावशी, घाई तुम्ही केलीत. झाकण ओढून उघडलंत," साहेब म्हणाले.

"नाही हो साहेब. कडी सुटली म्हणून उघडलं. आधी नऊ म्हटल्यावर सुटायची."

"नकाशात दोन आहेत. आता यंत्र तुमच्या मोजण्यावर चालवायचं का? उद्यापासून पाकिटं भरायला बसा. तिथे हात तरी शाबूत राहतील."

मावशी वाकडी पट्टी तशीच हातात धरून उभ्या राहिल्या. माझ्या उकळ्या तिथेच विझल्या. फजिती नव्याची झालीच नव्हती. शिक्षा भलत्यालाच होत होती, आणि पुढच्या आठवड्यात त्या झाकणापाशी दुसऱ्या कुणाचा तरी हात असणार होता.

इंजिनिअरबाई म्हणाल्या, "साहेब, एक दिवस थांबा. जुन्यात काय होतं ते वाचून बघते."

त्यांच्या लॅपटॉपला लागेल अशी माझी केबल कारखान्यात नव्हती. ती मिस्त्रींच्या घरी निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः घेऊन आले आणि मला टेबलावर घेऊन वीज जोडताच ओरडले, "अहो, याचा लाल दिवा बघा! आतलं सगळं पुसलं गेलं नसलं म्हणजे मिळवलं."

"तुम्ही वेळ वाढवली होती का?" बाईंनी विचारलं.

"काहीतरी केलं होतं खरं. पण किती आणि कशासाठी, आता शपथेवर नाही सांगता यायचं. दारावर लिहिलंय ना!"

दार कुठे गेलं, हे त्यांना सांगायला कुणाची जीभ रेटेना.

बाईंनी मला केबल लावली. आणि तेव्हा माझ्या मनात जे आलं, तेही सांगून टाकतो. माझं कपाट गेलं, काम गेलं. ते नऊ सेकंद तेवढे माझे उरले होते. तेही काढून त्यालाच द्यायचे? मनात आलं, आत्ताच बॅटरी संपू दे. माझं माझ्याबरोबर जाऊ दे.

तेवढ्यात मावशी पुढे आल्या आणि त्यांनी माझ्यावर हात ठेवला. नखांत पीठ होतं.

"बघ रे बाबा," त्या म्हणाल्या, "तुला तरी आठवतंय का."

मला आठवत होतं. सगळं आठवत होतं.

लॅपटॉपवर एकेक ओळ उमटू लागली. बाई वाचत गेल्या. "कडी सोडायची वेळ... नव्वद. हा सेकंदाचा दहावा भाग मोजतो, म्हणून दहाने भागायचं. म्हणजे नऊ सेकंद."

मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "पातळ पीठ! केकच्या पिठात पातं थांबतच नाही हो लवकर. ब्रेडचं पीठ घालून पाहिलं तर ते कसं कळणार?"

साहेब मग म्हणाले, "मावशी, चुकलं माझं. तुम्ही यंत्रावरच राहा. ती पट्टी मला द्या. माझ्या टेबलावर राहू दे, समोर."

त्याच दिवशी माझे नऊ सेकंद नव्याला दिले गेले. बाईंनी आधी नकाशा सुधारला, किती आणि का ते शाईने लिहिलं आणि मगच केबल काढली. जाता जाता त्यांनी माझी बॅटरीही बदलली. दोन वर्षांनी माझ्या कपाळावरचा दिवा विझला.

म्हणून मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. कुणाच्या जिवासाठी एखादी गोष्ट बदललीत, तर ती का बदलली हे त्याच वेळी लिहून ठेवा, आणि दाराबरोबर फेकली जाणार नाही अशा जागी लिहा. कुठे लाल दिवा लागलेला दिसला, तर तो कशाचा आहे हे विचारायला लाजू नका.

मी आता फळीवर असतो. काल केक होता. मावशी झाकणावर हात ठेवून मोजत होत्या. घाईत होत्या, त्यामुळे त्या नवावर पोचल्या तरी कडी सुटली नाही. मग हसून त्या नव्याला म्हणाल्या, "अरे, झोपलास काय?"

नऊ सेकंद दिल्याचं मला आता काही वाटत नाही. पण ते वाक्य माझं होतं.