जाड शेपटीची पाल

पालींवर पीएचडी केलेली मुलगी अख्ख्या भिवापूर तालुक्यात एकच, आणि ती गोपाळरावांची दीप्ती. लोकांच्या मुली डॉक्टर झाल्या की निदान ताप तरी बघतात, ही पालींच्या शेपट्या बघते, असं म्हणून गाव पोटभर हसून घ्यायचं. गोपाळरावही हसायचे. पण दीप्तीनं एखादी गोष्ट सांगितली की त्यांच्यासाठी ती काळ्या दगडावरची रेघ.

त्यांच्या शेताच्या बांधावर, दगडांच्या फटींत, ठिपक्यांची एक जाडजूड पाल राहायची. गाव तिला बिसखोपडा म्हणतं. ती चावली की माणूस पाणीसुद्धा मागत नाही अशी पक्की समजूत, म्हणून दिसली की ठेचायची. दीप्तीनं ती एकदा सरळ तळहातावर घेऊन वडिलांना दाखवली होती.

"हिले विष नसते, बाबा. उपासमारीच्या दिवसांसाठी हे शेपटीत चरबी साठवते, म्हणून शेपूट अशी जाड. भिंतीवर चढता येत नाही बिचारीले, बोटांले चिकटायच्या गाद्याच नाहीत. अन् हे पाहा, हिले पापण्या आहेत. आपल्या घरातल्या पालीले नसतात, ते जिभेनं डोळे पुसते."

तेवढ्यात पालीनं डोळे मिटले आणि उघडले. गोपाळराव लहान पोरासारखे हरखले. त्या दिवसापासून ते पालीचे वकीलच झाले. मिरची तोडायला आलेल्या बायांना, चहाच्या टपरीवरच्या रिकामटेकड्यांना, भेटेल त्याला पापण्या आणि शेपटी समजावून सांगायचे. बांधाला बांध लागलेला जुना मित्र रुपराव एकदा काठी घेऊन त्या पालीमागं धावला, तर त्याच्याशी पंधरवडाभर अबोला धरला.

यंदा होळी झाली तरी मिरच्या खळ्यावर वाळत होत्या. राखणीला गोपाळराव तिथंच सतरंजी टाकून झोपायचे. दीप्ती नागपुरात प्रताप नगरला राहायची आणि कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. सकाळी ती डबा भरत असताना त्यांचा फोन आला.

"अवं, फटफटीत व्हायच्या आधी बोटाले काईतरी टोचल्यावानी झालं. बॅटरी लावून पाहतो त उशापाशी तुयी पाल! फोटो पाठोला, पाह्य."

फोटो खरंच देखणा होता. पालीची शेपूट कधीतरी तुटून नवी फुटलेली, आखूड आणि कांद्यासारखी गोल. वर्गात दाखवायला याहून चांगलं चित्र मिळालं नसतं.

"रक्त आलं काय, बाबा?"

"काईच नाही. खूणही दिसत नाही."

इथं तिनं थांबायला हवं होतं. पाल चावली तर बारीक दातांची ओळ उमटते, चटकन सोडतही नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत? पण तिला कॉलेजची घाई होती, आणि खरं सांगायचं तर वडिलांच्या आवाजातल्या कौतुकानं ती फुलून गेली होती.

"साबणानं धुवा. काई होत नाही तिच्यानं," ती म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

तास संपवून ती बाहेर आली तर फोनवर रुपरावांचे मिस्ड कॉल साचलेले. तिनं उलटा फोन लावला.

"दीप्ती, तुया बाप आयकून नाही राहिला वं. सकाळपासून पोट दुखते म्हणते, आता घास गिळता येत नाही. गाडी दारात आणली, त म्हणते दवाखान्याचं काम नाही, पोरीनं सांगतलं."

त्यांनी व्हिडिओ लावला. गोपाळराव खाटेवर बसले होते, मान किंचित मागं टाकून, झोपेतून उठवल्यासारखे. दोन्ही पापण्या अर्ध्यावर उतरल्या होत्या. त्या उघडायला ते कपाळ वर ओढत होते आणि पापण्या काही उठत नव्हत्या.

हे सापाचं विष होतं. मण्यार. झोपेतल्या माणसाला चावते, दुखत नाही, खूण राहत नाही, आणि मग आधी पापण्या जातात. मण्यार पाली खाते. पालीच्या मागावर ती खळ्यावर आली असणार. हेही तिनंच प्रबंधात लिहिलं होतं.

"बाबा, आत्ताच्या आत्ता गाडीत बसा! पाल नाही चावली तुमाले, मण्यार चावली!"

"मण्यार कुठी होती?" शब्द जड जिभेवरून घसरत होते. "म्या सोता पाहिली. पालच होती."

"मी चुकली, बाबा!"

"तू नाही चुकत." ते हसायला गेले, पण ओठ जेमतेम हलले. "ह्या रुपरावनं भेवाडलं तुले. मी आज दवाखान्यात गेलो, त उद्या हे लोक पाल ठेचतीन. म्हणतीन, पाहा, मास्तरणीचा बापच पालीले भेला."

ती ओरडली, रडली, शपथा घातल्या. इतकी वर्षं तिनं त्यांना पटवलं होतं, ते आता कसंही केलं तरी उलटं पटवता येईना. शेवटी मान सावरता येईना तेव्हा रुपराव आणि दोन माणसांनी त्यांना उचलून गाडीत घातलं. तोवर बराच वेळ गेला होता.

भिवापुरात सापाच्या विषावरची लस टोचली आणि पुढं नागपूरला पाठवलं. दीप्ती दवाखान्याच्या फाटकाशी उभी राहून येणारी प्रत्येक गाडी बघत होती. शहरात बसून तिला दुसरं काहीही करता येत नव्हतं. गाडी आली तेव्हा वडिलांचा श्वास दुसराच कोणी हातानं फुगा दाबून चालवत होता.

"लसीला उशीर झाला," डॉक्टर म्हणाले. "नसा धरल्यावर ती फारसं काही करू शकत नाही. मशीनवर ठेवलंय, वाट बघायची. त्यांना ऐकू येत असेल, बोला त्यांच्याशी."

ती आत गेली. अंगठ्यानं त्यांची पापणी उचलली. डोळा उघडा झाला, पण तो तिच्याकडे वळला नाही. पापणी सोडली तशी ती खाली आली. ऐकू येत असेल तर काय सांगायचं, तिला कळेना. पाल निर्दोष आहे हे खरं होतं, आणि त्याच खऱ्यानं त्यांना इथं आणलं होतं. "बाबा," एवढंच म्हणून ती बाहेर आली.

बाहेर रुपराव लोणच्याची काचेची बरणी पोटाशी धरून बसले होते. झाकणाला खिळ्यानं भोकं पाडलेली. आत ती पाल होती, कांद्यासारख्या शेपटीची, जिवंत.

"गावातले ठेचाले धावले होते," रुपराव म्हणाले. "गाडीत टाकताना तुया बापानं माया हात धरला. जीभ वळत नव्हती, तरी म्हणे, मारू नको गा, दीप्तीले विचार. मी कायी तिले हात लावला नसता, पण त्याच्यापायी बरणीत घेतली." त्यांनी बरणी पुढं केली. "घे, आता तूच सांग वं. हिचं काय करू?"

पालीनं काचेतून तिच्याकडे पाहत डोळे मिटले आणि सावकाश उघडले. बांधावर सोडा, एवढेच दोन शब्द होते. दीप्तीच्या तोंडून ते निघेनात.