नळीवाल्या महाराजाचं ताजं लोखंड

शनिवारी जाम गावच्या चौकात टायरवाल्याच्या शेडखाली ही गर्दी! वेल्डर, फिटर, डेंटिंगवाले, सगळ्यायचे डोळे लालभडक. मधात नळीवाले महाराज. डोळ्यात दोन थेंब टाकत, पितळी नळी लावत, सूंऽऽ करून ओढत अन् तळहातावर थुकत. थुकीत लोखंडाचा कण!

"लोखंड शनीचं हाय बेटा! डॉक्टर सुई लावते, मी श्वास लावतो!"

"जय हो!"

माहा बाप रूपराव, पक्का वेल्डर. सोमवारी ग्राइंडर मारतानी चष्मा कपाळावर होता. डोळ्यात कण घुसला. मंग गॅरेजचा इलाज: काडीच्या टोकानं कोरलं, आलूचा काप बांधला. मी म्हटलं दवाखान्यात चला, तं म्हणे, "कारागिराले हे रोजचंच हाय."

महाराजानं ओढलं अन् बाप हासला. "सपना, दुखणंच गेलं वं!"

मी नववीतून शाळा सोडली, पण ग्राइंडर मीबी चालवते. महाराजाच्या हातावरचा कण पाह्यला. चकचकीत! आत्ता चाकावरून उडाल्यासारखा. मंग मोबाईलच्या टॉर्चनं बापाचा डोळा पाह्यला. कण तिथंच! भवताल गंजाचं तांबडं कडं.

डोकंच फिरलं माहं.

"अबे थुकड्या! सोमवारपासून डोळ्याच्या पाण्यात असलेलं लोखंड चमकते का? तोंड उघड!"

"पोट्टीच्या अंगात आलं! धरा इले!" महाराज वरडला.

मी त्याचा जबडा धरला, बोटं गालात खुपसली. तो कचकन चावला. रक्त आलं, पण मी सोडलं नाई. गॅरेजवाल्या भैय्याजीनं माहे केस ओढले. महाराजानं नळी माह्या भुवईवर हाणली. बापानं तं खाडकन कानाखाली देल्ली.

"महाराजाले हात लावतं?"

"त्याच्या गालात पाहा ना आधी!"

बोटाले प्लास्टिकची पन्नी लागली. हिसकली. फाटली अन् भैय्याजीच्या सदऱ्यावर लोखंडाचा चुरा सांडला, थुकीसकट. ग्राइंडरखाली पडते तोच.

मंग भैय्याजीनंच पह्यली लाथ घातली. नळी वाकली, महाराजाचा दात पडला. जे जय हो म्हणत होते तेच चपला काढून राह्यले.

"मारू नका बे! थेंबाची शिशी कुठं हाय ते इचारा!" मी बोंबलली. शिशी त्याच्या खिशातून घेतली अन् बापाले गाडीवर बसवून वर्ध्याले नेलं.

डॉक्टरीण बाईनं शिशी पाह्यली. "हे डोळा सुन्न करायचं औषध. दुखणं थांबते, कण निघत नाही. हे डॉक्टरच्याच हातात पाहिजे."

त्यायनं कण काढला, गंज खरवडला. डाग राह्यला. आता बापाले त्या डोळ्यानं वेल्डिंगची रेघ धुक्यातल्यासारखी दिसते. घरी येतानी तो म्हणे, "माराले नोको होतं मी तुले." माहा कान अजून वाजून राह्यला होता.

सोमवारी गॅरेजात गेली, तं भैय्याजीच्या डोळ्यावर आलूचा काप!

"काय हो, महाराज गेला अन् आलू राह्यला?"

"आग कमी होते ना वं..."

मी तो काप उपटून नालीत फेकला. "गाडीतून आवाज आला तं इंजिन खोलता, आवाज बंद व्हावा म्हून कानात कापूस घालता का? मंग डोळ्याचं काऊन असं करता? दुखणं गेलं म्हंजे बिमारी गेली नाई, भैय्याजी. ग्राइंडर मारतानी चष्मा लावा. अन् आत्ता दवाखान्यात चला, गाडीवर बसा!"

"अन् नाई बसलो तं?"

माही पट्टी बांधलेली बोटं मी त्याच्यापुढं धरली.

बसला.