पाणी ओलांडलेली माणसं

“होडी सोडा आदी,” हौसा म्हणाली. “बाकीचा मागाहून बोला.”

तिचा नवरा रावजी जागचा हलला नाही. ओटीवर त्यांची मालन भिंतीला टेकून बसली होती. सकाळी सड्याच्या कातळमाळावर काजूखालचा वाळक्या पानांचा पातेरा गोळा करताना तिच्या पायाला फुरसं चावलं होतं. पाय पोटरीपर्यंत टरारून सुजला होता आणि रामा भगत त्यावर मुळी उगाळून लावत होता. पोर शुद्धीत होती, आईबापांचं भांडण ऐकून उगाच हसायचा प्रयत्न करत होती.

“फुरसं चावल्यावर पानी वलांडायचा नाय,” रामा म्हणाला. “पानी वलांडला का ईख काळजात चडता.”

हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. खाडीपलीकडे सरकारी दवाखाना होता, तिथे लस होती. पण फुरसं चावलेला माणूस पलीकडे गेला की जिवंत परतत नाही. आणि याला साक्षीदार कोण? तर खुद्द रावजी. खाडीवरची होडी त्याची. आजवर जे गेले ते त्याच्याच होडीतून गेले आणि त्यांची मढी त्यानेच परत आणली. ऐकीव गोष्टी बोलणाऱ्याला गप्प करता येतं. डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला कोण काय शिकवणार?

“म्या बगितलाय, हौसा. गेलेला येक तरी वाचला काय?”

“आनि हितं ऱ्हायले ते समदे वाचले?”

“आपला गुणाजी वाचला नाय? रामानंच वाचवला.”

“आनि मेले ते?”

“त्यांचा भोग.”

झालं! वाचला तर मुळीचा गुण, मेला तर भोग, आणि पलीकडे मेला तर पाण्याचा दोष. रामाची मुळी हरणार कशी?

“भावजी.”

शेजारची गोदा अंगणात उभी होती. गेल्या भातकापणीत तिच्या विठूला फुरसं चावलं, तेव्हा ती त्याला घेऊन होडीपर्यंत आली होती. रावजीने तिला परत पाठवलं होतं. दुष्टाव्याने नव्हे, अगदी पोटतिडकीने. हात जोडून म्हणाला होता, वैनी, पोराला मारू नका. विठूने रामाच्या ओटीवरच प्राण सोडला. त्याच्या हिरड्यांतून रक्त थांबतच नव्हतं.

“भावजी, तुमी पलीकडं नेलेली मानसं होडीत चडली कशी?” गोदाने विचारलं.

“चडतायत कशी? झोळीतनं आनलेली.”

“बोलत व्हती?”

रावजीची नजर मालनकडे गेली.

“माजा विठू बोलत व्हता,” गोदा म्हणाली. “आपल्या पायानं चालत आलेला.”

रावजीला सगळी झोळीतली माणसं दिसू लागली. कुणाच्या नाकातून रक्त, कुणाचे डोळे फिरलेले. रामाने हात टेकल्यावरच ती होडीवर यायची. धडधाकट, बोलतं माणूस कुणी कधी पाण्यात घातलंच नव्हतं. मग मारलं ते पाण्याने कशावरून?

मालनला न्यावं आणि ती वाचावी, तर विठूही वाचला असता. त्याला अडवणारे हात आपले. क्षणभर, पोटची पोर समोर असताना, त्या बापाला वाटलं, रामाचंच खरं निघालं तर बरं. स्वतःच्या मनाची त्याला किळस आली.

मालन थुंकली. थुंकी लाल होती.

रावजीने तिला उचललं आणि तो धावत सुटला. मागून रामा ओरडत होता, “मेली तर मना बोल लावू नको!” हौसाने होडीत पोरीचं डोकं मांडीवर घेतलं. गोदा न विचारता चढली आणि तिने दुसरं वल्हं धरलं. पाणी समोरून रेटत होतं, होडी पुढे कमी आणि बाजूला जास्त जात होती.

“बाबा, मी मरतंय काय?”

“गप ऱ्हा गो!” तो ओरडला. त्याला रडू फुटत होतं.

पलीकडे लस टोचली, मग जीपने रत्नागिरीला नेलं.

मालन वाचली. काही दिवसांनी रावजी आणि हौसा तिला घेऊन परतले तेव्हा अलीकडच्या काठावर निम्मा गाव जमला होता. होडी टेकायच्या आतच रामा बोलू लागला.

“म्या कवाच सांगितलाय. त्या येळेस पानी उतरतीला लागलेला. उतरत्या पान्याचा दोष नसता. म्हनून वाचली.”

“तरीच!” गुणाजी म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या. सगळ्यांनाच हायसं वाटलं. प्रत्येकाच्या घरचं कुणी ना कुणी पलीकडे न नेता याच काठावर मेलं होतं.

सगळे रावजीकडे बघू लागले. पाण्याची खूण त्याच्याइतकी कुणाला? नुसतं ‘व्हय’ म्हटलं असतं तरी पुरे होतं. नियम राहिला असता, आणि विठूचा भोगही. गर्दीच्या कडेला आधीच परतलेली गोदा उभी होती. ती मात्र त्याच्याकडे बघत नव्हती.

“नाय,” रावजी म्हणाला. “भरती चडत व्हती. आमी पान्याच्या इरुद गेलो.”

रामाने तोंड फिरवलं.

गोदा पुढे झाली, गुडघाभर पाण्यात उतरली आणि मालनला आधार देऊन तिने होडीतून खाली घेतलं. दोघी चढणीला लागल्या.

“वैनी,” रावजीने हाक मारली.

गोदा थांबली. मालनच्या कमरेभोवतीचा हात तिने अधिक घट्ट केला, आणि मागे न बघता ती तिला वर घेऊन गेली.