न वापरलेला मुखवटा

मित्रांनो, मी जुना आहे, पण माझ्यावर एक ओरखडा नाही. कौतुक करू नका, ऐका.

मी वेल्डिंगचा मुखवटा. डोळ्यांसमोर काळी काच, मागे डोक्याला पट्टा. जोडकामाचा प्रकाश भलताच जहरी, तो डोळ्यांपर्यंत पोचू द्यायचा नाही, एवढ्यासाठीच माझा जन्म.

वस्तीतल्या मुलांना हाताला काम मिळावं म्हणून लोकांनी वर्गणीतून एक कार्यशाळा उभी केली होती. एका म्हाताऱ्या वेल्डरकाकांनी पोटाला चिमटा काढून मला विकत घेतलं आणि तिथे दिलं. टाळ्या झाल्या. मास्तरांनी माझ्या कपाळावर ‘सप्रेम भेट’ असं रंगवलं आणि मला काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. मुलं तडा गेलेली जुनी काच हातात धरून शिकत.

त्यांत एक बारकी होती. अंगाने काडी, पण हात असा स्थिर की तिचा जोड आखल्यासारखा सरळ यायचा. आई लोकांचे जिने पुसायची. फाटकं बनवणाऱ्या कारखानदाराने बारकीला कामावर घ्यायचं कबूल केलं होतं. आईचा सगळा जीव त्या नोकरीत अडकला होता.

रोज सकाळी बारकीचे डोळे लालभडक असत.

“मास्तर, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय. तो कपाटातला द्या ना.”

“अगं, तो दानाचा आहे. खराब झाला तर लोक काय म्हणतील?”

“मग दान दिलंय कुणाला?”

“फार बोलायला लागलीस. आम्ही असेच शिकलो.”

मास्तर दुष्ट नव्हते हो. घरातले चांगले कप पाहुण्यांसाठी ठेवतात ना, तसंच त्यांनी मला ठेवलं. मी काचेआडून बघत राहिलो. मला ओरडता येत नव्हतं.

एकदा काका काठी टेकत आले. मास्तरांनी हौसेने मला त्यांच्या हातात दिलं. काकांनी बोटांनी चाचपलं.

“यावरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही?”

“नवाकोरा ठेवलाय, काका!”

काकांनी ते प्लास्टिक नखाने खरवडून पाहिलं. “मास्तर, माझे डोळे गेले म्हणून दिला होता हो हा.”

मास्तरांची मान खाली गेली. त्यांनी स्वतः प्लास्टिक सोलून मला बारकीच्या डोक्यावर बसवलं. माझ्या आयुष्यातलं पहिलं काम! मी जीव तोडून अंधार धरला. पण जोड वाकडा गेला. तिने माझी काच पुसली, पुन्हा हात लावला, पुन्हा वाकडा. मग मला काढून तिने डोळे पुसले.

“मधोमध काळा डाग दिसतो, मास्तर. बरेच दिवस झाले. काम जाईल म्हणून बोलले नाही.”

डॉक्टर म्हणाले, हा डाग जायचा नाही. कारखानदाराने तिच्या जागी एक मुलगा घेतला. बारकी आता आईबरोबर जिने पुसते, आणि कोपऱ्यात राहिलेला कचरा आई तिला हाताने दाखवते.

मित्रांनो, आमच्यासारख्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा. माझं मागणं उलटं आहे. मला वापरा, आदळा, काळा करा, भंगारात जायच्या लायकीचा करा. मी फुटलो तर बाजारात दुसरा मिळेल.